‘श्रद्धेमुळे’ हा शब्द प्रस्तावात लिहिण्याआधी

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरनं पीएचडीच्या प्रस्तावाचा कच्चा मसुदा वाचायला दिला. विषय पंडिता रमाबाई आणि पुण्यातला १८९७ चा प्लेग. पहिल्याच पानावर वाक्य होतं, ‘ख्रिस्ती श्रद्धेमुळे रमाबाईंनी सरकारविरुद्ध आवाज उठवला.’ मी म्हटलं, हे ‘मुळे’ काढ. ती दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी, तिला ते लागलं. "ताई, म्हणजे त्यांची श्रद्धा काय शोभेपुरती होती का?"

मला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र. प्लेगचा जंतू माहीत आहे, रमाबाई मात्र शाळेतल्या धड्यापुरत्या. मग आठवडाभर वाचत बसले. जे हाती लागलं ते इथं मांडतेय, कारण ‘अमुक मुळे तमुक’ हे वाक्य तुमच्यापैकी प्रत्येकाच्या प्रस्तावात कुठं ना कुठं येणारच आहे.

आधी काळ बघा. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला (२०२० मध्ये कोरोनात वापरला तोच). पुण्यात रँडच्या हाताखाली सैनिक घरोघर शिरून झडती घेऊ लागले, माणसं दवाखान्यात आणि विलगीकरण छावणीत नेऊ लागले. येर्सिननं जंतू १८९४ मध्येच ओळखला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे सिमोंनं दाखवलं १८९८ मध्ये. म्हणजे त्या वर्षी सगळा जोर माणसं वेगळी काढण्यावर होता. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. असं ते वर्ष.

रमाबाईंचं पत्र रँडवरच्या हल्ल्याच्या आधीचं, मे महिन्यातलं. ‘बाँबे गार्डियन’ या मिशनरी वळणाच्या साप्ताहिकात ते आलं. प्लेगच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या सुरक्षेची काय अवस्था आहे, हे त्यात होतं. त्यांच्या शारदा सदनातली एक मुलगी तिथं पाठवली गेली आणि हातची गेली, हा त्यातला मुख्य मुद्दा. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत पोचलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. रमाबाई मागं हटल्या नाहीत. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली त्यांच्यावर अवलंबून होत्या, पुण्यात इतक्या मुली ठेवायला प्लेगच्या नियमांची आडकाठी होती आणि केडगावला बिऱ्हाड हलवायचं चाललं होतं. अशा वेळी सरकारशी वाकडं घेणं परवडणारं नव्हतं.

आता ‘मुळे’कडे येऊ. पहिली अडचण तुलनेची. राज्यकर्त्यांचा धर्मही तोच होता. एकाच शहरात, एकाच साथीत तोच धर्म झडती घेणाऱ्यांचाही असेल आणि तक्रार करणाऱ्या बाईचाही असेल, तर नुसतं ‘ख्रिस्ती असणं’ काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेत आपण म्हणतो ना, कंट्रोलमध्येही तोच रंग आला तर टेस्ट बाद.

दुसरी अडचण मोठी. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ चा, इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. पण त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी हंटर आयोगासमोर साक्ष दिली होती, स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात म्हणून. म्हणजे सरकारसमोर उभं राहून बोलायचं धैर्य धर्मांतराच्या आधीचं. हे मी ज्युनिअरला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग श्रद्धेनं काय बदललं? माझ्या मते धैर्य नाही, धैर्याचा पत्ता बदलला. वाँटेजच्या सिस्टर्सनी लंडनजवळच्या फुलहॅममध्ये, समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवला होता. तो बघून आपण ख्रिस्ताकडे ओढल्या गेलो, असं रमाबाईंनीच लिहून ठेवलंय. आणि १८९७ चं पत्र नेमकं कुणाविषयी आहे? जिच्या अब्रूचं कुणालाच सोयरसुतक नव्हतं अशा एका मुलीविषयी. हा धागा मला खरा वाटतो.

पण इथंही एक मेख आहे. फुलहॅमची हकीकत त्यांच्या १९०७ च्या आत्मकथनात आहे, म्हणजे पत्रानंतर दहा वर्षांनी लिहिलेली. माणूस मागं वळून बघताना आयुष्याला सरळ रेघ ओढतो. म्हणून घटनेच्या आधीचा पुरावा शोधायचा, आणि तो सुदैवानं आहे. सिस्टर जेराल्डिनशी १८८० च्या दशकात झालेला त्यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहांनी संपादित केलाय, १९७७ मध्ये छापलाय. त्यात रमाबाई चर्चच्या वरिष्ठांनाही ठणकावतात की माझ्या विवेकाचा मुखत्यार दुसरा कुणी नाही. नवी श्रद्धा स्वीकारलेली बाई आधी आपल्याच चर्चशी भांडते, मग त्याच धर्माच्या सरकारशी. ही पत्रं १८९७ च्या आधीची असल्यामुळे त्यांना वजन आहे.

त्याच वर्षी गोखले लंडनमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचं तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परत आल्यावर पुरावा उभा राहीना, आणि ऑगस्टमध्ये त्यांना जाहीर माफी मागावी लागली. रमाबाईंना ती वेळ आली नाही, कारण त्या स्वतःच्या घरातल्या मुलीबद्दल बोलत होत्या. गोखल्यांना यावरून नावं ठेवायला मी धजत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, मग बंद, जाळपोळ, धरपकड, कोठडीतल्या एका तरुणाचा मृत्यू. त्या दिवसांत अटकेतल्यांच्या संख्येचा एक मेसेज मी तीन ग्रुपवर टाकला होता. आकडा कुठून आला, असं एकानं विचारलं. मला सांगता येईना. डिलीट केला, माफी मागितली. पण त्यानंतर माझ्या खऱ्या माहितीकडेही लोक जरा तिरकेच बघायला लागले, हे जास्त लागलं.

ज्युनिअरनं वाक्य बदललंय. आता ते असं आहे: ‘सरकारसमोर बोलण्याची रमाबाईंची सवय बाप्तिस्म्याआधीची दिसते, कुणासाठी बोलायचं, यावर मात्र त्यांच्या श्रद्धेचा ठसा दिसतो.’ दुसऱ्या ‘दिसतो’वरून आमचं अजून भांडण चालू आहे. तिला तिथं ‘आहे’ हवंय. ‘बाँबे गार्डियन’चा तो मूळ अंक हाती येईपर्यंत मी ‘दिसतो’वर अडून बसणार.