गॅसची गाडी की विजेची गाडी?



आमच्या आप्पांचा जुना छोटा हत्ती आता थकला आहे. टोमॅटोच्या दिवसांत नारायणगावच्या बाजारात रोज माल न्यावा लागतो, म्हणून नवीन गाडी घ्यायची ठरली. आप्पा म्हणतात गॅसची घेऊ, ताई म्हणते विजेची. कर्ज दोन्हीला काढावे लागणार. चुकले तर हप्ते तर फेडावेच लागतील! म्हणून मी वहीत हिशेब मांडला, तोच येथे देत आहे.

गॅसची गाडी म्हणजे सीएनजीची. हा स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस नव्हे. हा मुख्यतः मिथेन असतो आणि हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबाने टाकीत दाबून भरतात. तो लिटरवर नाही, किलोवर मिळतो. टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. इंजिन बाकी पेट्रोलसारखेच, आत ठिणगी पडते आणि गॅस जळतो. पण जळून झालेली पुष्कळशी उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून वाया जाते. चाकापर्यंत पाव ते तिसरा हिस्सा पोचला तरी खूप.

विजेच्या गाडीत इंजिनच नाही, बॅटरी आणि मोटर. मोटर विजेतला बहुतेक भाग चाकाला देते. शिवाय उतारावर वेग कमी करताना तीच मोटर सायकलच्या डायनॅमोसारखी चालते व थोडी वीज बॅटरीत परत भरते. धूर अजिबात नाही. (आपल्या राज्यात बरीचशी वीज अजून कोळशावर होते, तेव्हा थोडा धूर चंद्रपूर-कोराडीकडे निघतोच. हे ताईला आवडले नाही, पण खरे आहे.)

आता हिशेब. छोट्या हत्तीची विजेवरची गाडी २०२२ साली निघाली. तिची बॅटरी २१.३ युनिटची, आणि एका चार्जिंगमध्ये १५४ किलोमीटर जाते असे कंपनी सांगते. म्हणजे युनिटला सात किलोमीटर. ती ६०० किलो माल नेते. टोमॅटोच्या एका कॅरेटमध्ये २० किलो माल, वर कॅरेटचे वजन, म्हणजे २७ कॅरेट झाले. आप्पा जुन्या गाडीत ४० भरतात! हे नियमाला धरून नाही. लिहू नको म्हणाले होते, पण आई म्हणाली, लिही. २०२४ साली १००० किलो नेणारीही निघाली आहे, ती जास्त महाग.

घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला साधारण साडेतीन युनिट भरतात. २१.३ ला ३.५ ने भागा, सहा तास येतात. रात्री लावली की पहाटे तयार. पण आपल्याकडे रात्री लाईट जाते, हे तुम्हाला मी काय सांगणार? मध्ये तीन तास लाईट गेली तर पहाटे गाडी अर्धी भरलेली, आणि टोमॅटो काही थांबत नाही. गॅसला ही भीती नाही, पण पंप हायवेवर आहे आणि तिथे रांग असते. शेजारचे काका कधी कधी तासभर उभे असतात.

मग ताईने युक्ती काढली. एका दुकानदाराकडून विजेची गाडी एक दिवस मागून आणली आणि २७ कॅरेट भरून नारायणगावला नेली. मीही गेलो. जाऊन येऊन ३६ किलोमीटर. येताना गाडी रिकामीच होती. निघताना काट्यावर १०० टक्के, घरी आलो तेव्हा ६२. म्हणजे आठ युनिट गेले, युनिटला साडेचार किलोमीटर पडले! कागदावरच्या सातापेक्षा पुष्कळ कमी. आपले चढ आणि आप्पांचा पाय, दोन्ही कारणे असतील. या हिशेबाने पूर्ण बॅटरीत ९५ किलोमीटरच होतात.

नारायणगावला हे भरपूर झाले, रात्री लाईट गेली तरी पहाटे एक फेरी सहज होईल. पण पुण्याचे मार्केटयार्ड आमच्या गावाहून ९० किलोमीटर. पोचू, पण येताना? तिथे चार्जिंगला गाडी लावून बसावे लागेल. आप्पांची डायरी पाहिली तर मागच्या हंगामात पुण्याला सातच फेऱ्या झाल्या होत्या. त्या काकांच्या गॅसच्या गाडीने भाड्याने करता येतील, असे आई म्हणाली. काकांची गाडी भरलेली असताना किलोला पंधरा किलोमीटर जाते, म्हणजे नारायणगावच्या एका फेरीला जवळजवळ अडीच किलो गॅस. तुमच्याकडे गाडी असेल तर अडीच किलो गॅसचा आणि आठ युनिट विजेचा आजचा भाव काढून पाहा. आम्ही काढला तेव्हा आप्पा जरा वेळ गप्प बसले.

आता ते विजेच्या बाजूला झुकले आहेत. काल वायरमन येऊन घर पाहून गेला. वायरिंग जुने आहे, अर्थिंगला नवा रॉड ठोकावा लागेल, म्हणाला. तो ठोकेपर्यंत जुना हत्तीच चालू आहे.