विज्ञान-भयकथेतील गंध

नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथा आणि विज्ञानकथा हे दोन्ही प्रकार हाताळले. या दोहोंच्या संगमातील कथेत गंध कोणते कार्य करतो, ते पाहू.

प्रथम वाक्यरचना लक्षात घ्या. ‘मी पाहतो’ यात कर्ता ‘मी’ आहे. ‘मला वास येतो’ यात कर्ता ‘वास’ असून ‘मी’ चतुर्थीत गेला आहे. डोळे मिटता येतात; श्वास फार काळ रोखता येत नाही. गंधापुढे पात्र असहाय ठरते.

आता विशेषणे पाहा. ‘दुर्गंध’ हा केवळ निवाडा होय. ‘करपट’, ‘कुबट’, ‘आंबूस’ हे शब्द मात्र कारण सुचवतात : काहीतरी करपले, कोंडले, आंबले. सांगलीच्या हळदपेठेत किंवा साताऱ्याकडील गुऱ्हाळावर वावरलेला वाचक वासावरून वस्तू ओळखतो. कथा ही खात्रीच मोडते : बंद प्रयोगशाळेत ताज्या काकवीचा वास येतो आणि काकवी कोठेच नसते.

गंधाचा अभाव याहून भयंकर. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास असतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की घ्राणेंद्रिय बधिर होऊ लागते. सांडपाण्याच्या टाकीत उतरलेल्या कामगाराला वाटते, वास गेला, धोका टळला. याच भ्रमात मृत्यू ओढवू शकतो. येथे विज्ञानच भयाचा आधार बनते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एक परिचित वास अनपेक्षित जागी आणून पाच ओळी लिहा. ‘सुगंध’, ‘दुर्गंध’ हे शब्द टाळा.