पडद्यावर १४, प्रत्यक्षात १४.२८५७ : कॅडमधली प्रिसिजन आणि राउंडिंग समजून घेऊया



ऑटोकॅड शिकणाऱ्या मुलांची एक तक्रार ठरलेली असते, "सर, कॉम्प्युटरची बेरीज चुकली!" १००० मिमी रुंदीच्या कपाटाचे तीन समान भाग केले. प्रत्येक भागाचं माप ३३३ दिसतं, एकूण माप मात्र १०००. मग १ मिमी गेला कुठे?

तो कुठेच गेलेला नाही. प्रत्येक भाग ३३३.३३३... मिमीच आहे. सॉफ्टवेअर आतमध्ये संख्या साधारण १५ सार्थ अंकांपर्यंत साठवतं. 'युनिट्स' कमांडमध्ये आपण शून्य ते आठ दशांश स्थळांपर्यंत जी 'प्रिसिजन' निवडतो, ती फक्त आकडा कसा दाखवायचा हे ठरवते. त्याने रेषेची लांबी बदलत नाही.

मग नुकसान कधी होतं? पडद्यावरचा आकडा खरा मानून मुलं तोच पुढे टाइप करतात तेव्हा. १०० मिमी पट्टीचे सात समान भाग करा. एक भाग १४.२८५७ मिमी येतो, पण प्रिसिजन शून्य असेल तर १४ दिसतो. आता १४ टाइप करून सात भाग आखले, तर ७ × १४ = ९८. शेवटी २ मिमी उरले! एका भागातली चूक पाव मिमीच्या आसपास, पण ती सात वेळा साठत गेली. कागदावर हे खोडता येतं, कापलेल्या पट्टीवर नाही.

दुसरा सापळा लपलेल्या फटीचा. २९९.७ मिमीची रेषासुद्धा ३०० दिसते. कोपरा जुळल्यासारखा वाटतो, पण आकृती बंद नसते आणि हॅच भरत नाही. अशा वेळी मुलांना आधी प्रिसिजन वाढवून माप तपासायला सांगा.

आणखी एक लक्षात ठेवा. ड्रॉइंगवर लिहिल्या जाणाऱ्या मापांची प्रिसिजन वेगळी असते. ती 'डायमेन्शन स्टाइल'मधल्या 'प्रायमरी युनिट्स'मध्ये ठरते. तिथेच 'राउंड ऑफ' असतं. त्यात ५ लिहिलं, तर ३३३.३३३ चं माप ३३५ छापलं जाईल. असे तीन भाग वाचून सुतार १००५ ची बेरीज करेल! म्हणून हा पर्याय विचारपूर्वक वापरायला शिकवा. आणि माप 'सुंदर' दिसावं म्हणून आकड्यावर हाताने दुसरा आकडा लिहायची सवय तर लागूच देऊ नका. नंतर आकृती बदलली तरी तो आकडा बदलत नाही.

मग दशांश स्थळं किती ठेवायची? ज्या साधनाने काम होणार, त्याला झेपतील तेवढीच. सुताराची टेप १ मिमीपर्यंत मोजते, शाळेतला व्हर्नियर ०.१ मिमीपर्यंत. टेपने मोजणाऱ्याला ३३३.३३३३ देऊन काय उपयोग?

वर्गात किंवा घरी ही कृती करून घ्या :

१. १०० मिमीची रेषा काढून 'डिव्हाइड' कमांडने सात भाग करा. बिंदू दिसत नसतील तर 'पॉइंट स्टाइल' बदला.
२. प्रिसिजन ०, २ आणि ४ ठेवून एकाच भागाचं अंतर मोजा आणि वहीत लिहा.
३. प्रत्येक आकड्याला ७ ने गुणा. गुणाकार ९८, १००.०३ आणि ९९.९९९९ येतील.

गणिताच्या तासाला आपण सांगतो, "आकडेमोड पूर्ण होऊ द्या, राउंड ऑफ शेवटी." तो नियम इथे मुलांना डोळ्यांनी दिसतो.