रेडिओला तार कशाला?

बालमित्रांनो, आजोबांच्या जुन्या घरात छताखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळीदार पट्टी पाहिली आहे का? नसेल तर आजोबांना विचारा. हीच रेडिओची एरियल!

वाशिमहून नागपूर सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटर. 1948 साली सुरू झालेले नागपूर केंद्र मिडियम वेव्हवर 585 किलोहर्ट्झला ऐकू यायचे. रेडिओलहर सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावते. भागाकार करून बघा, त्या एका लहरीची लांबी निघते सुमारे 513 मीटर! एवढी तार कोण बांधणार? पण घरापासून अंगणातल्या कडुनिंबापर्यंत दहा-पंधरा मीटर तार ओढली तरी खरखर कमी होऊन आवाज उठायचा.

मग ट्रान्झिस्टरला ही पट्टी का लागत नाही? कारण त्याच्या पोटात फेराइटची काळी कांडी असते. तिच्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते आणि ती लहरीतले चुंबकत्व पकडते. मिडियम वेव्हवरचे एखादे लांबचे केंद्र लावा आणि रेडिओ टेबलावर सावकाश गोल फिरवा. एका जागी आवाज एकदम बसेल. तेव्हा कांडीचे टोक केंद्राकडे असते. वाशिमहून नागपूर ईशान्येला, परभणी दक्षिणेला. नकाशा घेऊन ताडून बघा की! मात्र हा खेळ दिवसाच करायचा. रात्री लहरी वरच्या वातावरणातून परतून येतात, मग दिशेचा घोळ होतो.

बाहेर तार बांधायची असेल तर मोठ्या माणसाला सोबत घ्याच. विजेच्या तारांजवळ, त्यांच्या वरून किंवा खालून ती मुळीच नको. आणि वळवाच्या दिवसांत ढग जमायच्या आधीच उतरवून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर तारेला हातच लावायचा नाही, मग क्रिकेटची मॅच चालू असली तरी!

एफएमचे गणित वेगळे. तिथे लहर सुमारे 3 मीटरची, म्हणून तिचा चौथा हिस्सा, पाऊण मीटरची दांडी पुरते. नुसत्या दांडीने भागत नसेल तर पाऊण-पाऊण मीटरच्या दोन तारा एका रेषेत आडव्या ताणा. मधली टोके एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत. तिथून दुहेरी वायर रेडिओच्या अँटेनाच्या दोन खुंट्यांना जोडा. हा झाला डायपोल. तारांची टोके नव्हे, बाजू केंद्राकडे हवी. अकोला उत्तरेला, म्हणजे तार पूर्व-पश्चिम. एफएमच्या लहरी जवळपास सरळ जातात आणि मध्ये तर पातूरचा घाट, म्हणून डायपोल जितका उंच तितका बरा.