ज्याने जिंकवलं, तोच गेला!

फुटबॉल म्हटलं की आपल्याला पेले आठवतो. अमेरिकेत मात्र लंबगोल चेंडू छातीशी कवटाळून धावतात, समोरच्याला आडवं करतात नि त्याला फुटबॉल म्हणतात! तोही कॉलेजच्या पोरांचा, आणि बघायला लाखभर माणसं.

अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी १७ मोसमांत सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली. २०२३च्या सप्टेंबरात टेक्सासने त्यांच्या संघाला घरच्या मैदानावर लोळवलं. पुढे मात्र विजयांची रांग लागली. ऑबर्नविरुद्धचा सामना तर हातचा गेलाच होता. शेवटचा प्रयत्न, गोलरेषा ३१ यार्ड दूर, घड्याळात मिनिटही उरलेलं नाही. जेलन मिल्रोने चेंडू भिरकावला आणि कोपऱ्यात आयझाया बाँडने तो झेलला! २७-२४.

१ जानेवारी २०२४ला ‘रोज बोल’मध्ये मिशिगनने जादा वेळेत हरवलं. नऊ दिवसांनी ७२ वर्षांचे सेबन निवृत्त झाले. प्रशिक्षक बदलला की खेळाडूंना महिनाभर दुसरं कॉलेज गाठायची मुभा, असा तेव्हा नियम होता. केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला. आणि बाँड? चक्क टेक्सासला!

चाहते चिडले. पण नवे प्रशिक्षक केलेन डीबोअर तरी कुठून आले? अंतिम सामना हरलेल्या वॉशिंग्टनच्या मुलांना चारच दिवसांत सोडून!

२०२४च्या मोसमात अलाबामाने चार सामने गमावले. बारा संघांच्या बाद फेरीतही जागा मिळाली नाही. टेक्सास उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तिथे त्याला हरवलं ते डाउन्सच्या ओहायो स्टेटने.