मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ

१९४८ सालच्या ८ जून रोजीं एअर-इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबून १० जून रोजीं लंडनास उतरलें. आज तोच प्रवास वाटेंत न थांबतां नऊ-दहा तासांत होतो. अंतर मात्र तसूभरहि घटलेलें नाहीं. मग वेळ ठरतो तो कशावर?

प्रथम अंतर पाहूं. पृथ्वीच्या गोलावर मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंत दोरा ताणून धरला, तर त्याची लांबी सुमारें ७,२०० किलोमीटर भरेल. हीच सर्वांत जवळची वाट. खलाशांच्या परिचयाच्या मर्केटर नकाशावर पट्टीनें आंखलेली रेघ सरळ दिसते खरी, पण तिच्यावरून गेल्यास सुमारें २०० किलोमीटर अधिक पडतात. कारण नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाहीं. शिवाय विमानास दोऱ्याची वाट नेहमींच मोकळी मिळते असें नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, तेव्हां पश्चिमेकडील कित्येक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला.

आतां वेळ. जेट विमानाचा वेग ताशीं ९०० किलोमीटर धरल्यास ७,२०० किलोमीटरांस आठ तास पुरावेत. परंतु हा वेग भोंवतालच्या हवेच्या मानानें असतो, आणि हवा स्वतःच वाहत असते. या मार्गावर उंच आकाशांत, विशेषतः हिवाळ्यांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. समजा, सर्व वाटभर वारा ताशीं १०० किलोमीटर आहे. लंडनास जातांना विमान ताशीं ८०० किलोमीटरच तोडील व नऊ तास घेईल. परततांना ताशीं १,००० तोडून सात तास बारा मिनिटांत येईल. जातांना एक तास गेला, येतांना अठ्ठेचाळीस मिनिटेंच मिळालीं. उलट्या वाऱ्यांत विमान अधिक वेळ असतें. म्हणून वारा घेतलेलें सगळें परत करीत नाहीं.

हा हिशेब केवळ कुतूहलाचा नव्हे. इंधन सरलेल्या किलोमीटरांवर नव्हे, तर इंजिनें चाललेल्या तासांवर जळतें. म्हणून उड्डाणापूर्वीं वाऱ्याचा अंदाज घेऊन इंधन ठरवितात, आणि ऐनवेळीं दुसऱ्या विमानतळावर जावें लागल्यास पुरेल इतकें आणखी बरोबर घेतात.

राहतां राहिलें घड्याळ. लंडनचें घड्याळ हिवाळ्यांत साडेपांच व उन्हाळ्यांत साडेचार तास मागें असतें. हिवाळ्यांत दुपारीं दोनला मुंबई सोडलेलें विमान दहा तासांनीं उतरलें, तरी तेथें सायंकाळचे साडेसहाच झालेले असतात. वेळापत्रकांत दोन्ही वेळा त्या त्या गांवच्या छापतात. त्यांची नुसती वजाबाकी करून प्रवास साडेचार तासांचा समजणाऱ्या घरच्या माणसांस मग उगाच घोर लागतो. तो घोर टाळण्यास एवढेंच ध्यानीं ठेवावें : अंतर पृथ्वीचें, वेळ वाऱ्याचा, आणि घड्याळ ज्या त्या गांवचें.