एअर रायफलची नळी: घासणे म्हणजे जपणे नव्हे

अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला ऑलिंपिक सुवर्ण मिळवले आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत जगज्जेतेपद पटकावले, ते १० मीटर एअर रायफल प्रकारात. या प्रकारात लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा असतो. एवढ्या बारकाव्याच्या खेळात नळी आतून लख्ख असावी असे वाटणे साहजिक आहे. मात्र पुष्कळ जण ती दारूगोळ्याच्या बंदुकीसारखी साफ करतात आणि तिथेच चूक होते. त्या बंदुकीत जळलेल्या दारूची काजळी साचते, गोळीवरचे तांबेही नळीला चिकटते. एअर रायफलमध्ये काहीच जळत नाही. दाबलेली हवा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा पेलेट सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने ढकलते, आणि मागे उरते फक्त शिशाची पूड व पेलेटवरच्या वंगणाचा अंश. मळ वेगळा असेल, तर सफाईही वेगळीच हवी.

म्हणून ‘कडक ब्रशशिवाय नळी साफ होत नाही’ हा समज आधी सोडायला हवा. शिसे पोलादापेक्षा कितीतरी मऊ असल्याने पेलेटमुळे नळी फारशी झिजत नाही. तिला ओरखडे पडतात ते धातूच्या ब्रशने आणि सांध्यांच्या गजाने. सर्वांत नाजूक भाग नळीच्या तोंडाची कड. ती एका बाजूने जरी दुखावली, तरी पेलेट बाहेर पडताना हवा सगळीकडून सारखी सुटत नाही आणि पेलेट भरकटतो. त्यामुळे रायफल रिकामी असल्याची खात्री करून, पेलेट भरतात त्या बाजूने नायलॉनची दोरी घालावी आणि तिला बांधलेली कापडाची पट्टी तोंडाकडे ओढून घ्यावी. हवेच्या टाकीच्या रायफलीत फेल्टचे दोन-तीन पेलेट सुरक्षित दिशेने झाडले तरी चालते. स्प्रिंगच्या रायफलीत मात्र ते टाळावे: हलक्या फेल्टचा पुरेसा विरोध न मिळाल्याने पिस्टन जोरात आदळतो.

‘थोडे तेल सोडलेले बरे’ हा समज तर धोक्याचा आहे. स्प्रिंगच्या रायफलीत हवा एका क्षणात दाबली जाऊन तापते. तिथे खनिज तेल पोचले तर ते पेट घेते आणि सील व स्प्रिंग खराब होऊ शकतात. उच्च दाबाच्या टाकीत तर तेल जाताच कामा नये. तांबे काढण्यासाठीची अमोनियाची रसायने इथे निरुपयोगी आहेत, कारण काढायला तांबेच नसते.

यावर कोणी म्हणेल, मळलेल्या नळीने नेम बिघडतोच ना? बिघडतो. पण नेम धरण्याची साइट आणि स्क्रू घट्ट असताना, नेहमीच्याच पेलेटने शॉट पसरू लागले, तरच सफाईची वेळ आली असे समजावे. सफाईनंतर शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत सुरुवातीचे काही शॉट इकडेतिकडे जातात, म्हणून स्पर्धेच्या सकाळी नळीला हात लावू नये. कोकणातल्या पावसाळ्यात गंजाची भीती खरी आहे. त्यासाठी बाहेरचा धातू किंचित तेलाच्या फडक्याने पुसावा आणि रायफल कोरड्या जागी ठेवावी. नळीत तेल ओतण्याची गरज नाही. सफाईनंतर साबणाने हात धुवावेत, कारण शिसे विषारी आहे. नळी घासण्याचे वेळापत्रक नको. ती कशी मारते आहे यावर लक्ष हवे.